घेऊ का, डॉक्टर?

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



विषय कळवला तेव्हा संयोजक जरा चपापले. सिस्टिक फायब्रोसिस हा तर लहान मुलांचा आजार, त्यात दारू कुठून आली? ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांना हा प्रश्न ऐकून बरं वाटलं असतं. त्यांच्या उमेदीच्या काळात सिस्टिक फायब्रोसिस झालेलं मूल, आपण यापुढे सीएफ म्हणू, दारू पिण्याच्या वयापर्यंत पोचेल हे कुणी धरूनच चाललं नव्हतं. आज मला बोलायचंय ते तिथवर पोचलेल्यांबद्दल.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. त्या पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्यासमोर मुलं यायची ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. खाल्लेलं अंगी न लागलेली, छातीत कफ साचलेली, स्वादुपिंडाच्या जागी वण आणि पोकळ्या उरलेली. १९४८च्या उन्हाळ्यात त्याच शहरात उष्णतेची लाट आली आणि अंगातलं पाणी, मीठ जाऊन दाखल झालेल्या मुलांत सीएफची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी निघाली. त्या धाग्यावरून पॉल दि सांतआन्येझे यांनी १९५३ साली दाखवलं, की या मुलांच्या घामात मीठ फार असतं. घामाची चाचणी आली ती त्यातून. पुढे १९८३ साली पॉल क्विंटन यांनी दाखवलं, की घामग्रंथीच्या नळीतून क्लोराइड परत आत शोषलंच जात नाही. क्विंटन यांना स्वतःला सीएफ आहे. १९८९ साली टोरांटो आणि मिशिगनच्या शास्त्रज्ञांनी मिळून सातव्या गुणसूत्रावरचं जनुक शोधलं. त्या जनुकावरून बनणारं प्रथिन म्हणजे सीएफटीआर, पेशीच्या पडद्यातलं क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांचं दार. ते उघडत नाही म्हणून फुप्फुसात कफ चिकट होतो, पित्त दाट होतं, स्वादुपिंडाचा रस नळीतच अडतो.

दार उघडायला मदत करणारी पहिली गोळी अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली. पण ती मोजक्या रुग्णांच्या कामाची होती. ऑक्टोबर २०१९मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली, ट्रायकाफ्टा, आणि तिथल्या बहुतेक रुग्णांचं आयुष्यच फिरलं. १९५०च्या दशकात ही मुलं शाळेत जायच्या आधीच जात. आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सीएफ असलेल्यांत निम्म्याहून अधिक माणसं प्रौढ आहेत, आणि अमेरिकेत आता जन्मणाऱ्या सीएफच्या बाळासमोर साठीच्या आसपासचं आयुष्य धरतात. माणूस प्रौढ झाला की कॉलेज आलं, नोकरी आली, ऑफिसची पार्टी आली, लग्नाआधीची मित्रांची गोव्याची सहल आली.

जरा आडवाटेला जातो. शोपँ हा संगीतकार १८४९ साली पॅरिसमध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. जन्मभर खोकला, जन्मभर कृश. त्याला क्षय नव्हता, सीएफ होता, असा तर्क काहींनी लढवला. त्याचं हृदय बहिणीने वॉर्साला नेलं. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात, काचेच्या बरणीत आहे, आणि बरणीतलं द्रव बहुधा कोन्याक. जनुकीय तपासणीची परवानगी शास्त्रज्ञांनी मागितली, ती पोलंड सरकारने २००८ साली नाकारली. २०१४मध्ये बरणी न उघडता नुसती पाहू दिली. पाहणाऱ्यांनी २०१७ साली निष्कर्ष छापला तो क्षयाच्या बाजूने, हृदयाभोवतीच्या आवरणाला क्षयाने आलेल्या सुजेचा. तेव्हा सीएफ आणि मद्य यांची ही सर्वांत प्रसिद्ध भेट बहुधा झालेलीच नाही. जिवंत माणसांत मात्र ती रोज होते.

आपल्या दवाखान्यात ती कशी होते ते सांगतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण समोर बसलेला असतो. शेजारी आई, मांडीवर जाडजूड फाइल, हातात पाण्याची बाटली. मी विचारतो, "घेतोस का रे कधी?" उत्तर आई देते, "छे हो डॉक्टर, आमच्यात कुणीच नाही." मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. मग आई बिलाच्या खिडकीकडे जाते आणि तो खुर्ची पुढे ओढतो. "ऑफिसच्या पार्टीत दोन बिअर होतात, डॉक्टर. गोळीचं काही बिघडतं का?"

या माउलीला मी नावं ठेवत नाही. तिने वीस-पंचवीस वर्षं पाठ थोपटून त्याचा कफ काढलाय, प्रत्येक घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल मोजलीय. पण सीएफचं प्रौढांचं केंद्र म्हणून जे काही पाश्चात्त्य देशांत उभं राहिलं, त्याचा पाया असा की सोळा ते अठराच्या दरम्यान रुग्ण मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जातो, आणि निदान थोडा वेळ तरी डॉक्टरांशी एकटा बोलतो. लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये प्रौढांचा असा दवाखाना १९६०च्या दशकातच सुरू झाला. दारू, सिगारेट, शरीरसंबंध, मूल होईल का हा प्रश्न, हे सगळं त्या एकट्या वेळात निघतं. आईसमोर ते निघत नाही, आणि निघालं नाही म्हणजे घडत नाही असं थोडंच आहे?

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. गोळीचं काही बिघडतं का? ट्रायकाफ्टाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं स्पष्ट लिहिलंय, कारण ते फळ औषध पचवणारं एन्झाइम अडवतं आणि रक्तात औषध साचतं. दारूची अशी सरसकट बंदी नाही. म्हणजे ग्रेपफ्रूटच्या रसातलं कॉकटेल मागवलंत, तर माहितीपत्रकाच्या हिशेबात आधी दोषी ठरेल तो रस! पण हे वाचून हुरळून जाऊ नये. याच औषधाने काहींच्या यकृताला इजा होते, क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते, आणि अमेरिकेत आता त्याचा इशारा माहितीपत्रकाच्या माथ्यावर, चौकटीत छापतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने यकृताच्या रक्तचाचण्या करायच्या असतात. आदल्या शनिवारी भरपूर दारू झाली असेल आणि सोमवारी रिपोर्टमध्ये एन्झाइम वाढलेले दिसले, तर गोळीने की दारूने, हे कसं ओळखायचं? डॉक्टरला दारूचं ठाऊकच नसेल, तर तो चांगली चालणारी गोळी बंद करून बसेल. रुग्णाने खरं सांगावं असं मी म्हणतो त्यात नीतीचा प्रश्न नाही. रिपोर्ट वाचता यावा, एवढाच स्वार्थ आहे.

यकृत या आजारात आधीच जखमी असू शकतं. दाट पित्ताने बारीक नळ्या तुंबतात, भोवती वण पडतात, आणि काही थोड्या रुग्णांत ते सिरोसिसपर्यंत जातं, प्लीहा वाढते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. अशा माणसाला उत्तर एकच: अजिबात नाही. इथे मी घासाघीस करत नाही. फुप्फुस किंवा यकृत बदलण्याच्या यादीवर असलेल्यालाही नाही. प्रत्यारोपण करणारी केंद्रं दारूचा इतिहास बारकाईने विचारतात, आणि गेल्या काही आठवड्यांतली दारू पकडणारी रक्तचाचणीही आता आहे. बाकीच्यांचं उत्तर इतकं सरळ नाही.

स्वादुपिंडाची गोष्ट तर उलटीच आहे. तिथे आजार जितका तीव्र तितका स्वादुपिंडाच्या सुजेचा, म्हणजे पॅन्क्रिआटायटिसचा धोका कमी. तीव्र सीएफमध्ये ते पिंड जन्माच्या आसपासच जळून गेलेलं असतं. सुजायला काही उरलेलंच नसतं. धोका असतो तो सौम्य दोष असलेल्यांना, ज्यांचं स्वादुपिंड अजून चालतंय आणि ज्यांना जेवताना कॅप्सूल लागत नाहीत. आपण त्यातल्या त्यात बरे, असं ज्यांना लहानपणापासून ऐकवलेलं असतं, पहिल्या पेगला कमी घाबरायचे तेच, आणि जास्त जपायचं तेही त्यांनीच. आणखी एक गुंतागुंत. नव्या औषधांनी काही रुग्णांत झोपलेलं स्वादुपिंड थोडं जागं झालं आणि मग सूज आली, अशाही नोंदी आहेत.

याच विषयात मला सर्वांत थक्क करणारं काम हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठातल्या योझेफ मालेथ आणि पीटर हेगी यांच्या गटाचं वाटतं. २०१५ साली त्यांनी दाखवलं, की दारू थेट सीएफटीआरवरच घाव घालते. स्वादुपिंडाच्या नळीतल्या पेशींत ते प्रथिन कमी बनतं, पडद्यावर टिकत नाही, आणि क्लोराइड-बायकार्बोनेटचं दार बंद पडतं. नळीतला रस पातळ, अल्कधर्मी राहायचा तर त्यात बायकार्बोनेट वाहायला हवं. ते थांबलं की भर पावसात गाळाने तुंबलेल्या गटारासारखी गत. पाचक रस जागच्या जागी साचतो आणि पिंडालाच खायला लागतो. बेसुमार पिऊन दाखल झालेल्या माणसांचा घाम त्यांनी तपासला, तर त्यात क्लोराइड वाढलेलं. ज्याच्या दोन्ही जनुकप्रती धडधाकट आहेत अशा माणसाला दारू तेवढ्यापुरता थोडा सीएफ देते, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलोय. मग ज्याचं दार मुळातच मोडकं, आणि महागड्या गोळीने कसंबसं किलकिलं केलेलं, त्याने त्यावर दारू ओतावी का? गोळी घेणाऱ्या माणसांत किती दारूने किती फरक पडतो, याचं बिनचूक कोष्टक कुणाच्या खिशात नाही. औषधांच्या चाचण्यांमध्ये व्यसनाधीन माणसं सहसा घेतच नाहीत. पण दिशा कोणती, हे सांगायला कोष्टक लागत नाही.

तरी एका संध्याकाळी जे बिघडतं, ते बहुतेकदा या रेणूंच्या पातळीवरचं नसतं. मी त्या मुलाला उलट विचारतो, "रात्रीची गोळी कितीला घेतलीस?" गोळ्यांचं वेळापत्रक असं: सकाळी दोन, बारा तासांनी एक, आणि दोन्ही वेळा स्निग्ध खाण्याबरोबर, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. रात्री आठची गोळी बॅगेत राहते. टेबलावर चकणा येतो, तळलेले शेंगदाणे, चीज, चिकन लॉलीपॉप. बिअरला एन्झाइम लागत नाही. क्रीमच्या लिकरला आणि चकण्याला लागतं. चार सहकाऱ्यांसमोर कॅप्सूल काढायची लाज वाटते, म्हणून ती टळते, आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखतं त्याचा दोष दारूला जातो. बारा वाजता घरी येऊन नेब्युलायझर लावायचा, छातीचे व्यायाम करून कफ काढायचा, मग नेब्युलायझरची भांडी उकळून ठेवायची, कोण करणार? तो तसाच झोपतो. दारूने खोकल्याची उबळही मंदावते, म्हणजे कफ रात्रभर आत. वर ओकारी झाली, तर ती श्वासनलिकेत उतरण्याची भीती.

घामाचं तर या मंडळींनी विसरूच नये. दारूने लघवी वाढते, पाणी जातं. यांच्या घामातून मीठ आधीच जास्त जातं. मे महिन्यातल्या दुपारी कळंगुटच्या किनाऱ्यावर गार बिअर मागवणारा सीएफचा तरुण मला न्यूयॉर्कच्या त्या १९४८च्या मुलांची आठवण करून देतो. बिअरने तहान भागल्यासारखी वाटते, मीठ मात्र भरून येत नाही. त्याने आधी क्षारांचं पाणी प्यावं, आणि शेंगदाण्यांवर मीठ जास्त पडलं तर तक्रार करू नये. या एका बाबतीत चकणा त्याच्या बाजूचा आहे.

साखरेचा धोका याहून मोठा. सीएफ असलेल्या प्रौढांत चाळीस ते पन्नास टक्क्यांना मधुमेह होतो. इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी दारू घेतली, तर यकृत दारू निपटण्यात गुंततं आणि रक्तात नवी साखर सोडण्याचं काम थांबतं. साखर उतरते ती बऱ्याचदा पहाटे, झोपेत. घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं बघून रूममेट म्हणतो, चढलीय, झोपू दे. म्हणून घेणार असाल, तर सोबतच्या एकाला तरी आपला मधुमेह ठाऊक असलाच पाहिजे, आणि झोपण्यापूर्वी साखर तपासून, काहीतरी खाऊन झोपलं पाहिजे. इथे मी आग्रही आहे. 

औषधांचं थोडक्यात. क्षयाच्या जातीच्या इतर जंतूंसाठी महिनोन्महिने रिफॅम्पिसिन, बुरशीसाठी इट्राकोनाझोल, या दोन्हींचा भार यकृतावरच. लिनेझोलिड चालू असताना नळाची बिअर आणि रेड वाइन टाळायची, रक्तदाब उसळू शकतो. मेट्रोनिडाझोलबरोबर दारू टाळण्याचा सल्ला जुना आहे आणि पाळायला सोपाही.

माप किती, हे विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६मध्ये आठवड्याला १४ युनिटची मर्यादा घातली, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही सारखीच. युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्या भाषेत करू. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळपास ४० ग्रॅम, चार स्मॉल पेग. "दोन बिअर होतात" म्हणणाऱ्या त्या मुलाच्या दोन स्ट्राँग असतील तर त्याने एका बैठकीत आठ पेग घेतले, आणि आठवड्याच्या मर्यादेचा बराच मोठा भाग एका संध्याकाळीच संपवला. तीही मर्यादा धडधाकट माणसांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली सांगून टाकलं, की निर्धोक असं प्रमाणच नाही. आपल्या राज्यात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा परवाना आरोग्य राखण्यासाठी मद्य लागतं या नावाखाली दिला जात आलाय. परमिट रूममध्ये बसलेला प्रत्येक जण कागदोपत्री तब्येत सांभाळतोय!

तरीही माणसं घेतात, आणि का घेतात हे न विचारता नुसती युनिटं मोजणं मला अपुरं वाटतं. २०१४ साली नऊ देशांतल्या सहा हजारांवर सीएफ रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. प्रौढांपैकी १९ टक्क्यांत नैराश्याची आणि ३२ टक्क्यांत चिंतेची लक्षणं होती. सीएफच्या मुलांच्या आयांमध्ये चिंतेचं प्रमाण ४८ टक्के, फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईंसह म्हणायला हरकत नाही. २०१६पासून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संस्थांनी बारा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची दर वर्षी नैराश्य-चिंतेची तपासणी करा असं सांगितलं. यात या आजाराची एक विचित्र गोष्ट मिसळते. सीएफच्या दोन माणसांनी एकमेकांजवळ बसायचं नसतं. एकाच्या फुप्फुसातला जंतू दुसऱ्याला घातक. दोघांत सहा फुटांचं अंतर ठेवायचं. पूर्वी अमेरिकेत या मुलांची उन्हाळी शिबिरं भरत, ती बर्कहोल्डेरिया सेपेशिया या जंतूच्या फैलावामुळे बंद पडली. मधुमेहवाले एकत्र चालायला जातात, दारू सोडणारे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत गोल करून बसतात. सीएफचे दोघे एका टेबलावर बसूच शकत नाहीत, पिण्यासाठीही नाही आणि सोडण्यासाठीही नाही. बारमध्ये तो एकटाच सीएफचा असतो आणि बाकीच्यांसारखं दिसायचं असतं. ग्लास हातात असला की तेवढं जमतं. ही गरज खोटी आहे असं मला सांगवत नाही.

आणि जे आता तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना लहानपणी कुणी ना कुणी सांगितलेलं, की तू फार जगणार नाहीस. "मला कुठे म्हातारं व्हायचंय" या हिशेबाने घेतलेली दारू त्या हिशेबात बसतही होती. २०१९नंतर हिशेब बदलला. आता या माणसांना पेन्शनची चिंता आहे, वजन वाढतंय, ज्यांना आयुष्यभर "खा, आणखी खा" म्हटलं त्यांना आहारतज्ज्ञ तूप कमी करायला सांगतात, आणि ग्रॅमला सात कॅलरी देणारी दारू त्यात भर घालते. दुसरं आणखी गंभीर. सीएफ असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या कित्येक पट, म्हणून अमेरिकेत त्यांची दुर्बिणीने तपासणी चाळिशीपासून सुरू करतात, प्रत्यारोपण झालं असेल तर तिशीपासून. मोठ्या आतड्याचा कॅन्सर दारूनेही वाढतो. पूर्वी या गणिताला अर्थ नव्हता, तितकं कुणी जगतच नव्हतं.

आपल्याकडे सीएफ नाही, असं आम्हाला विद्यार्थी असताना शिकवलं. आहे, भारतातल्या रुग्णांच्या नोंदी १९६०च्या दशकापासूनच्या आहेत, आणि दिल्लीच्या एम्समध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बरंच काम झालंय. पण घामाची चाचणी मोजक्या ठिकाणी होते, वारंवारचा न्यूमोनिया म्हणून, क्षय म्हणून उपचार होत राहतात, आणि ट्रायकाफ्टाची अमेरिकेतली किंमत सुरुवातीला वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती. त्यामुळे आपल्याकडे मोठे झालेले रुग्ण थोडे, आणि तेही बालरोगतज्ज्ञांकडेच जाणारे, कारण त्यांना ओळखणारं दुसरं कुणी नाही. बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर लसीकरणाचा रकाना असतो, उंची-वजनाचा आलेख असतो. दारूचा रकाना नसतो, आणि असायचं कारणही नव्हतं. छातीच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर तो असतो, पण त्यांनी सीएफ पाहिलेला नसतो. आपल्या शहरात या दोघांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावं, रुग्णांना वेगवेगळ्या वेळा आणि वेगवेगळ्या खोल्या द्याव्यात, आणि त्यातला काही वेळ आईवडिलांना बाहेर बसवावं, अशी विनंती मी आज समोर बसलेल्या दोन्ही विभागप्रमुखांना करतो. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. खोल्या आहेत, मी येताना पाहून आलो, मंगळवारी दुपारी बारानंतर त्या रिकाम्याच असतात.